उकिरड्यावर तुळस

वारकरी बंधुभगिनींनो, शास्त्रात पुण्यकर्माचे दोन भाग सांगितले आहेत: इष्ट आणि पूर्त. यज्ञयाग हे इष्ट; विहीर, तळे, अन्नदान आणि आराम, म्हणजे बाग, हे पूर्त. आपण पूर्त विसरलो.

आमच्या जालन्याची कुंडलिकाच पाहा. निजामाच्या राजवटीत हिच्यावर घाणेवाडीचे तळे झाले, गावाची तहान भागली. आणि आम्ही काय केले? हिच्याच काठी घरचा केर ओतला! अलीकडे नागरिक मंडळी पुढे झाली. पात्रातला गाळकचरा उपसला, काठी झाडे लावली.

आता मर्म ऐका. नुसता कचरा उचलला तर पुन्हा ढीग होतो. एकाचे पाहून दुसरा टाकतो. कायद्याने बंदी आहे, पण शिपाई रात्रभर ढिगापाशी थोडाच उभा राहतो! परंतु अंगणातल्या तुळशीपाशी कधी कोणी केर टाकला काय? नाही. तेथे रोज पाणी घालणारा हात असतो. जागेला धनी दिसला की टाकणाराचा हात आवरतो.

गाडगेबाबा (१८७६–१९५६) दिवसा गाव झाडीत, रात्री कीर्तन करीत. आधी खराटा, मग हरिनाम!

आणि आपली दिंडी? मुक्काम हलतो, मागे पत्रावळी अन् प्लास्टिक उरते. माउली, तोही उकिरडाच! तेव्हा नेम धरा: मुक्काम झाडून निघावे, आणि घरी परतल्यावर गावचा एक उकिरडा साफ करून पाच जणांनी तेथल्या झाडांना तीन उन्हाळे पाणी घालावे. तेही पूर्तच.

रामकृष्णहरी!