आईच्या सुट्टीचा मुराळी

थकलेल्या आईला हल्ली सगळीकडून एकच सल्ला मिळतो : स्वतःसाठी वेळ काढ. डॉक्टर सांगतात, मैत्रिणी सांगतात, नवराही सांगतो. सांगणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण वेळ काढायचा तो तिनेच. मुलांचे डबे, सासूबाईंच्या गोळ्या, फी भरायची शेवटची तारीख या सगळ्याबरोबर स्वतःच्या विश्रांतीची तजवीजही तिच्याच डोक्यावर. आणि ती नाही जमली तर दोषही तिचाच. माझं म्हणणं आहे की आईची विश्रांती ही घराची जबाबदारी आहे, आणि ती तिला न मागता मिळायला हवी.

संध्याकाळी बदलापूरकडे निघालेल्या लोकलमध्ये बायकांच्या डब्यात पाहावं. खिडकीपाशी बसायला मिळालेली बाई मांडीवर पिशवी पसरून मेथी निवडत असते. पानं एकीकडे, देठं दुसरीकडे; बोटांकडे बघावंही लागत नाही. तेवढ्यात शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप येतो : उद्या निळा चार्ट पेपर आणि पांढरे मोजे. मेथी खुडता खुडता तिचा हिशेब सुरू होतो. स्टेशनबाहेरचं दुकान उघडं असेल का? धुतलेले मोजे वाळले असतील का? दुधाची पिशवी आणायची राहिलीय, गॅसचा नंबर लावायचाय. जुडी कल्याण येईतो निवडून होते. डोक्यातलं हे दुसरं काम मात्र रात्री अंथरुणावर पडल्यावरही चालूच असतं.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटं. त्यातही घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात साधारण सत्तावीसच. हे आकडे बोलके आहेत, तरी अपुरे आहेत. या सर्वेक्षणात दिवसाचे अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने असतात आणि त्या वेळात काय केलं ते लिहून घेतात. पोळ्या लाटल्या, मुलाचा अभ्यास घेतला, हे त्यात येतं. मोजे वाळले असतील का, हा विचार कुठल्या रकान्यात लिहायचा? माझ्या मते आईला थकवतं ते मुख्यतः हेच. म्हणूनच ‘सांग, काय मदत करू?’ या प्रश्नाने तिचा भार फारसा उतरत नाही. सांगण्याचं काम तिच्याकडेच उरतं.

आपल्या जुन्या घरांत बायकांचे हाल कमी नव्हते. पण एक गोष्ट तिथे होती, आणि ती आपण गमावली आहे. सासुरवाशिणीला न्यायला पंचमीला, दिवाळीला माहेरचा मुराळी यायचा. तिला रजा मागावी लागत नसे. भाऊ दारात उभा आहे म्हटल्यावर सासरच्यांना नाही म्हणणं जड जाई. सगळ्यांना हे सुख लाभत नसे. ज्यांचं माहेर गरीब किंवा लांब, त्या वाट पाहत राहायच्या. तरीही बाईला विसावा लागतो हे रीतीने मान्य केलं होतं आणि त्याचे दिवस ठरवून दिले होते.

जात्याचंही तसंच. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या वाचताना जाणवतं, की बायकांनी कुणापाशीही न बोललेलं सगळं त्या दगडापाशी बोलून ठेवलंय. दळण ही विश्रांती नव्हती. गावात गिरणी आली आणि बायकांचे हात सुटले, हे फार चांगलं झालं. पण घर उठण्याआधीचा, मनातलं मोकळं करण्याचा तो पहाटेचा वेळही त्याबरोबर गेला आणि त्याच्या जागी दुसरा कुणी दिला नाही. लोकलच्या डब्यात टाळ्यांच्या ठेक्यावर भजन म्हणणाऱ्या, दसऱ्याला डब्याला फुलांच्या माळा लावणाऱ्या बायका पाहिल्या की वाटतं, यांनी तो वेळ गर्दीतून स्वतःच हिसकावून घेतलाय. त्या तासाभरात त्यांना कुणी ‘आई, माझी वही कुठंय?’ असं विचारत नाही. बाकी त्या डब्यात साधं पाय ठेवायलाही जागा नसते.

आणखी एक गोष्ट टोचते. मध्यमवर्गीय आईला मिळणारा थोडाफार निवांतपणा बहुतेकदा दुसऱ्या आईच्या कष्टातून येतो. पोळ्या करायला येणारी मावशी स्वतःचं मूल शेजारणीवर टाकून आलेली असते. कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. चार घरची कामं करणाऱ्या बाईला यातलं काय मिळतं? तिच्या वस्तीत पालिकेने चालवलेलं, संध्याकाळपर्यंत उघडं राहणारं पाळणाघर असायला हवं. आपल्या घरापुरती तिची भरपगारी साप्ताहिक सुट्टी तर आपण आजही ठरवू शकतो.

घरातही मदत नको, एकेक खातंच दुसऱ्याने घ्यावं. शाळेचं खातं बाबांचं म्हणजे ग्रुपवर नंबर त्यांचा, निरोप वाचायचा त्यांनी, चार्ट पेपर आणायचा त्यांनी आणि विसरला तर बाईंशी बोलायचंही त्यांनीच. आठवड्यातली एक संध्याकाळ आईची, हे घरात सगळ्यांना सोसायटीच्या पाण्याच्या वेळेसारखं पाठ असावं. त्या संध्याकाळी ती झोपेल, भिशीला जाईल, नाहीतर नुसती बाकावर बसून राहील. काय केलंस, असं कुणी विचारू नये. आमटीला मीठ जास्त पडलं तर त्या दिवशी खारट आमटी खावी. मुलाने मोज्यांसाठी रडून गोंधळ घातला, तर त्याचे मोजे बाबांनी शोधावेत, तिला फोन न करता.