आजचा श्लोक : एवढं माझं आहे

आज गीतेचा १६वा अध्याय, श्लोक १३. आसुरी संपत्तीचं वर्णन चालू आहे. तो माणूस मनात म्हणतोय, आज हे मिळवलं, उद्या ते मिळवीन. एवढं माझं आहे, पुढे अजून होईल. गंमत बघा, त्या वस्तूचा उपयोग काय, हे श्लोकात कुठेच नाही. फक्त मालकी.

धुळ्याच्या एका वाचकमित्राने विचारलंय : "भाऊ, मी कीर्तनंच ऐकतो. मग दीड लाखाचा डॅक-अँप घेतला तर तो भोग कसा? श्रवण तर पहिली भक्ती!" मुद्दा खरा आहे. दासबोधाच्या चौथ्या दशकातला पहिलाच समास श्रवणभक्तीचा. आणि समर्थ संप्रदायाची हस्तलिखितं जपणारं वाग्देवता मंदिर तर त्याच्याच गावात.

आधी इंजिनिअर म्हणून बोलतो. माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकतो, तेही तरुणपणी. १९८२ साली आलेल्या सीडीत सेकंदाला ४४,१०० नमुने ठेवले ते याच हिशोबाने. आज मोबाइलला लावायचा हजार-दोन हजारांचा चांगला डॅक मोजून पाहिला तर त्यातला दोष कानाला कळण्याच्या बराच खाली असतो. (हेडफोन आणि खोलीने फरक पडतो, ते वेगळं.) आणि मुक्ताईनगरच्या वारीत, मंडपात बसून कुणीतरी मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं कीर्तन कोणत्याही डॅकने सुधारत नाही.

मग दीड लाखात येतं काय? जाड अ‍ॅल्युमिनियम, मऊ फिरणारा नॉब, मंद पेटणारा डायल. देखणी वस्तू आवडणं पाप नाही हो. "दिसायला आवडलं म्हणून घेतलं" म्हणणारा माझ्या मते सरळ माणूस. "मला फरक ऐकू येतो" म्हणणाऱ्याने मात्र डोळे बांधावेत, दोन्ही यंत्रांचा आवाज मीटरने सारखा करावा आणि मग ओळखून दाखवावं. जरा मोठा आवाज कानाला उगाचच 'चांगला' वाटतो, म्हणून मीटर. आपल्या जळगावात सोनं कसोटीवर घासल्याशिवाय कुणी घेत नसे. आता २२ कॅरेटवर ९१६ चा शिक्का बघतो. श्रवणाला तेवढा कस नको?

त्याच निरोपात शेवटी जाता जाता एक ओळ होती. वडिलांना हल्ली कीर्तनातले शब्द कळत नाहीत, नुसता आवाज येतो म्हणतात.

वय झालं की आधी वरचे स्वर जातात. 'स', 'श', 'फ' तिथेच असतात. म्हणून आवाज येतो, शब्द निसटतो. ऑडिओग्राममध्ये एकेका कानाला २५० ते ८,००० हर्ट्झपर्यंत किती डेसिबल लागतात ते मोजतात आणि कानातलं यंत्र त्या आकड्यांप्रमाणे बसवतात. पूर्णपणे मोजून घ्यायची अशी श्रवणाची वस्तू ही एकच असावी. पण तिचा फोटो कुणी स्टेटसला ठेवत नाही. लोक ती केसांआड लपवतात, कित्येक जण लाजेपायी घेतच नाहीत. 'एवढं माझं आहे' असं तिच्याबद्दल म्हणणारा मला अजून भेटला नाही.

दीड लाखाबद्दल मी त्याला काही कळवलेलं नाही. एवढंच विचारलंय, काकांचा ऑडिओग्राम झालाय का? आणि झाला असेल तर काका यंत्र लावायला तयार आहेत का?

उद्या श्लोक १४.