खेळणे खोक्यात ठेवावे की लेकराच्या हाती द्यावे?

पिठोरी अमावास्येस खऱ्या बैलांचा पोळा होतो, आणि दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, नागपुरात लेकरांचा तान्हा पोळा भरतो. चाकांवर बसविलेला लाकडी नंदी, गळ्यात घुंगूरमाळ, शिंगांना बेगड. तो दोरीने ओढीत पोरे दारोदार जातात व बोजारा मागतात. दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी ही चाल घातली असे येथे मानतात. त्याच दिवशी काळी व पिवळी मारबत निघते, तेव्हा महालात पाय ठेवायला जागा नसते.

अशाच गर्दीतून सुटून आम्ही एका स्नेह्यांच्या ओसरीवर टेकलो. गृहस्थ आमच्या भजनातले. जुनी खेळणी जमविण्याचा त्यांना नाद. कपाटात पत्र्याच्या मोटारी, किल्लीच्या आगगाड्या, साऱ्या दुकानातून आल्या तशा, खोक्यांच्या चिकटपट्ट्यासुद्धा न उकललेल्या. एका मोटारीची तर दोन खोकी. नातू आपला नंदी घेऊन काचेपाशी उभा राहिला आणि म्हणाला, "आबाजी, यांचा पोळा कधी हो?" गृहस्थ ओशाळले. म्हणाले, "बुवा, तुम्हीच सांगा, उघडावे का?"

आम्हांस चटकन उत्तर सुचले नाही. त्यांची बाजू लंगडी नाही. मूळ खोक्यातल्या जुन्या खेळण्यास उघड्याहून कितीतरी अधिक दाम येतो, विलायतेत त्यांचे लिलाव होतात. पण दामाची गोष्ट सोडा. ज्याला केवळ भाव चढायची वाट पाहायची आहे त्याने खुशाल पाहावी, तो व्यापार आहे. त्याला खेळण्याची आवड मात्र म्हणू नये. खरी अडचण निराळी. नंदीचे चाक मोडले तर सुतार दुसरे बसवतो. एकदा फाडलेले खोके पुन्हा तसे होत नाही. आज न उघडलेले उद्या उघडता येते, उघडलेले मिटता येत नाही. तेव्हा थांबणेच शहाणपणाचे, असे ते म्हणतात.

परंतु खोक्यात काळ शिरत नाही हे कोणी सांगितले? रबर आतल्या आत कडक होऊन तडकते, कित्येक प्लॅस्टिके चिकट होतात, विसरून ठेवलेला बॅटरीचा सेल फुटून पत्रा खातो. बंद खोक्याचा मालक वस्तू राखतो की वस्तू असल्याची समजूत राखतो? पुण्यास दिनकर केळकरांनी आपल्या गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय उभे केले. तेथले दिवे, अडकित्ते घराघरांत वापरलेले आहेत, म्हणून तर ते पाहवत राहतात. आणि आपल्यातही, अहो, रुमालात बांधलेल्या पोथीला रोज फूल वाहणारे व तिची गाठ कधी न सोडणारे थोडे का आहेत?

शिवाय पोराचे वयही मिटून ठेवता येत नाही. उद्या उघडू म्हणता, तोवर नातू मिसरूड फुटून कॉलेजात जाईल, आणि तेव्हा त्याला ती मोटार दिली तर तोही ती कपाटात ठेवील. आमच्या मते, जी वस्तू जगात एकुलती उरली असेल ती जाणत्यांच्या हाती मिटलेली असो. पुढच्यांना ती कशी होती हे कळायला हवे. पण घरात दोन असताना, आणि मागणारे लेकरू समोर उभे असताना, दुसरीही कुलपात ठेवायची याला राखण म्हणवत नाही.

हे आम्ही त्यांना सांगितले, पण भीतभीतच. दुसऱ्याच्या कपाटाविषयी औदार्य दाखवणे सोपे असते. ते बराच वेळ गप्प होते. मग उठून एक खोके काढले व चाकूने पट्टी कापली. मोटार लालभडक निघाली, परंतु किल्ली फिरेना; आत कमान गंजली होती. गृहस्थांचा चेहरा उतरला. पोराने मात्र तिच्या पुढच्या चाकांना सुतळी बांधली, सुतळीचे दुसरे टोक नंदीच्या शेपटाला, आणि दोघांना ओढीत बोजारा मागायला शेजारी निघून गेला.