शोधनिबंध आणि अनुपस्थितांचें ऋण

विद्वत्परिषदेंत निबंध वाचणें हें व्यवस्थापनशास्त्राच्या अध्यापकास आतां नित्यकर्मच होऊन बसलें आहे. कोल्हापुरास १९६२ सालीं शिवाजी विद्यापीठ स्थापन झालें आणि १९७६ सालीं ‘सायबर’ या नांवानें ओळखली जाणारी व्यवसायशिक्षणाची संस्था निघाली. व्यापाराचें शास्त्र या नगरांत रुजलें, हें इष्टच झालें. परंतु असा निबंध वाचणारा कोणाचें ऋण फेडीत असतो, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१० सालच्या नियमान्वयें अध्यापकांच्या बढतीसाठीं गुणांकपद्धति घातली व परिषदेंत वाचलेल्या निबंधासही गुण ठेविले. पुढें या नियमांत फेरफार झाले. पण विद्वत्ता मोजतां येते हा समज एकदां रूढ झाला कीं निबंध हें साधन न राहतां साध्य होतें. आमच्या न्यायशास्त्रानें चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत : तत्त्वनिर्णयासाठीं वाद, जयासाठीं जल्प आणि केवळ परपक्ष खोडण्यासाठीं वितंडा. जेथें दहा मिनिटांत निबंध उरकतो, प्रश्नांस वेळ उरत नाहीं आणि प्रमाणपत्र मात्र सर्वांस मिळतें, ती सभा या तिहींपैकीं एकांतही बसत नाहीं. जल्पांत निदान प्रतिपक्ष तरी असतो !

यांत कोणाचें काय बिघडलें, असें कोणी विचारील. शाहू छत्रपतींनीं १८९५ सालीं वसविलेल्या शाहुपुरी पेठेपासून ज्या गुळाच्या व्यापारास बळ आलें, त्याचेंच उदाहरण घेऊं. संशोधक गुऱ्हाळावर जातो. मालक काम थांबवून त्यास आपला खर्च, आपलें कर्ज व अडत्याशीं असलेला व्यवहार सांगतो. त्या बोलण्याचे आंकडे होतात, आंकड्यांचा निष्कर्ष होतो आणि तो निष्कर्ष दूरच्या सभागृहांत वाचला जातो. तो चुकीचा असल्यास ‘असें नाहीं’ म्हणावयास गुऱ्हाळवाला तेथें नसतो. म्हणून प्रश्न विचारणारा श्रोता हाच त्या अनुपस्थित मनुष्याचा वकील होय. त्यानें संकोचानें मौन धरिलें, तर तो सौजन्य दाखवीत नसून आपलें वकीलपत्र टाकून देत असतो.

दूरदेशींही हाच अनुभव आहे. अर्जाच्या आरंभींच सही घेतल्यास लोक अधिक खरें लिहितात, असें सांगणारा एक निबंध अमेरिकेंत २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील विमाविषयक आंकडेच बनावट असल्याचें दिसून आल्यानें २०२१ सालीं तो मागें घ्यावा लागला. सचोटीवरील निबंधाचीच सचोटी तपासण्यास नऊ वर्षें लागावीं, याहून बोलका दाखला कोणता ?

गुळव्या पाक झाला कीं नाहीं हें थंड पाण्यांत थेंब टाकून पाहतो. त्यांत त्याला अपमान वाटत नाहीं. सुशिक्षितांनीं एवढी नम्रता तरी त्याच्यापासून शिकावी. प्रश्नांस ज्यानें वेळ राखून ठेविला नाहीं, त्यानें निबंध वाचला असें आम्ही म्हणणार नाहीं.