संख्येची साक्ष

‘मला ठाऊक आहे’ आणि ‘माझा विश्वास आहे’ हीं दोन वाक्यें आपण रोजच्या बोलण्यांत एकमेकांच्या जागीं सहज वापरतों. निदान गणितांत तरी हा सैलपणा खपणार नाहीं, अशी आपली समजूत असते. ही समजूत कितपत खरी आहे, हें मोठ्या मूळ संख्यांच्या इतिहासावरून पाहण्यासारखें आहे.

१६४४ सालीं मारँ मेर्सेन या फ्रेंच ख्रिस्ती यतीनें, दोनाच्या घातांतून एक वजा करून मिळणाऱ्या मूळ संख्यांची एक यादी प्रसिद्ध केली. तींत दोनाचा ६७ वा घात उणें एक ही संख्या होती. ती मूळ नव्हे, हें सिद्ध व्हावयास १८७६ साल उजाडावें लागलें. मेर्सेनला दोष देण्याचें कारण नाहीं. त्या सर्व संख्या हातानें तपासणें हें एका जन्माचें काम नव्हतें.

एद्वार लुकास यांनीं १८७६ त जें केलें तें मात्र खरोखर नवलाचें. एका ठराविक कृतीनें वर्ग करीत आणि बाकी घेत जावें. शेवटीं शून्य उरलें नाहीं तर संख्या मूळ नव्हे, अशी त्यांची कसोटी. या एकवीस अंकी संख्येस कशानें भाग जातो हें त्यांना सांगतां येत नव्हतें. तरी भाग जातोच, एवढें त्यांनीं दाखविलें. चोर सांपडला नाहीं, पण चोरी शाबीत झाली! आपल्या नैयायिकांच्या भाषेंत हें अनुमान. धुरावरून अग्नि ओळखावा तसें. अनुमानानें मन वळतें, पण डोळे निवत नाहींत.

ते निवविले फ्रँक नेल्सन कोल यांनीं. १९०३ च्या ऑक्टोबरांत न्यूयॉर्क येथें अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेंत ते फळ्यापाशीं गेले, दोनाचा ६७ वा घात काढून त्यांतून एक वजा केला, आणि बाजूस १९,३७,०७,७२१ व ७,६१,८३,८२,५७,२८७ यांचा गुणाकार मांडला. दोन्ही उत्तरें एकच. एक शब्दही न बोलतां ते जागेवर जाऊन बसले आणि सभेनें टाळ्यांचा कडकडाट केला, असें सांगतात. हातच्या कांकणास आरसा कशाला?

आतां आजची गोष्ट. २०२४ च्या ऑक्टोबरांत दोनाचा १३,६२,७९,८४१ वा घात उणें एक ही संख्या मूळ ठरली. तिचे अंक ४,१०,२४,३२०. एका पानावर दोन हजार अंक छापले तरी वीस हजारांहून अधिक पानें लागतील. डब्लिन येथील एका संगणकयंत्रानें ती प्रथम हेरली, दुसऱ्या दिवशीं टेक्ससमधील दुसऱ्या यंत्रानें लुकास यांच्याच कसोटीच्या सुधारलेल्या रूपानें निकाल दिला, आणि निरनिराळ्या यंत्रांवर निरनिराळ्या आज्ञावलींनीं त्याचा ताळा पाहण्यांत आला. हें प्रत्यक्ष नव्हे. अनुमान म्हणावें, तर त्याच्या पायऱ्या कोणाही मनुष्याच्या मनांतून गेलेल्या नाहींत. उरलें आप्तवाक्य. पण आप्त तो, जो जाणतो आणि खरें सांगूं इच्छितो. यंत्राला खोटें बोलण्याची इच्छा नाहीं हें खरें. परंतु खरें बोलण्याचीही नाहीं. म्हणून यंत्राची सिद्धता ही सिद्धताच नव्हे, हा आक्षेप मला बरेच दिवस पटत असे.

पटत असे म्हणतों, कारण मध्यंतरीं मीं कोल यांचा गुणाकार कागदावर स्वतः करून पाहिला. पहिल्या खेपेस उत्तर जुळलें नाहीं. त्या क्षणीं, कोल चुकले असतील हा विचार माझ्या मनास शिवलाही नाहीं. माझाच कोठें तरी हातचा राहिला असेल, असें मीं गृहीत धरलें. मग ज्याला मी प्रत्यक्ष समजत होतों तें काय होतें? माझी भिस्त समोरच्या आंकड्यांवर नव्हती. तोच गुणाकार माझ्याआधीं करून गेलेल्या अनेकांच्या, परस्परांहून स्वतंत्र अशा साक्षींवर होती. निरनिराळ्या यंत्रांच्या साक्षीही तशाच नव्हेत काय? फरक इतकाच कीं, कोल यांच्या बाबतींत खात्रीची वाट मला चालून जातां येते. चार कोटी अंकांची वाट मला या जन्मीं चालवणार नाहीं. त्या संख्येविषयीं ‘मला ठाऊक आहे’ म्हणतांना माझी जीभ अजून अडखळते. ती मूळ नाहीं असें म्हणण्याचें धाडस तर मुळींच होत नाहीं.

हातचा तिसऱ्या ओळींत राहिला होता. दुसऱ्या खेपेस एकवीसही अंक जुळले, तेव्हां रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते.