थकलेल्याला आधी भाकर



काही दिवसांपूर्वी आजाऱ्यांना कम्युनियन देण्यासाठी आम्ही आपल्या धर्मग्रामातील एका घरी गेलो होतो. अंथरुणाला खिळलेल्या आजींना कम्युनियन दिल्यावर त्यांच्या सूनबाई आम्हाला दारापर्यंत सोडायला आल्या. तीन वर्षे त्या सासूबाईंचे सारे काही करीत आहेत. रात्री दोन-तीनदा उठून कूस बदलून द्यावी लागते. पहाटे सर्वांचे डबे असतात. मग दिवसभर घर सोडता येत नाही. दारात त्या हळू आवाजात म्हणाल्या, "फादर, रात्री जपमाळ हातात घेतली की दुसऱ्या रहस्यातच डोळा लागतो. कधी कधी तर प्रार्थना नकोशी वाटते. माझा विश्वास कमी झाला का हो?"

आम्ही घाईत होतो. "प्रार्थना सोडू नका, देव बळ देईल," एवढे बोलून निघालो. वाटेत मात्र आमचेच उत्तर आम्हाला खटकू लागले. थकलेल्या बाईला आम्ही आणखी एक काम सांगून आलो होतो. त्यांच्या संमतीने, नाव न घेता, हा प्रश्न आज आपल्या सर्वांपुढे ठेवीत आहोत : थकवा म्हणजे विश्वासाची उणीव आहे काय?

पवित्र शास्त्रातील एलीया संदेष्ट्याकडे पाहू या (1 राजे, अध्याय 19). कार्मेल डोंगरावर त्याने मोठा विजय मिळवला होता. पण राणी ईजबेल जिवावर उठली तेव्हा तो रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि 'आता पुरे, माझा प्राण घे' अशी विनवणी देवाला करू लागला. असा निर्वाणीचा शब्द काढणाऱ्या सेवकाला देव काय म्हणाला? काहीच नाही. त्याने त्याला झोपू दिले. मग देवदूताने त्याला हलवून उठवले. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर होती, पाण्याचा तांब्या होता. एलीयाने खाल्ले आणि तो पुन्हा झोपला. देवदूताने पुन्हा उठवून पुन्हा खाऊ घातले. त्यानंतर चाळीस दिवसांची वाट चालून तो होरेब पर्वतावर पोहोचला, तेव्हा कुठे देवाने त्याला प्रश्न विचारला. आधी भाकर, मग झोप आणि उपदेश त्याहून मागाहून. हा क्रम आम्ही धर्मगुरू पुष्कळदा उलटा करतो.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात लिहिलेल्या 'सुम्मा थिओलॉजिए' या ग्रंथात दुःखावरील उपायांची चर्चा केली आहे. सेमिनरीत तो भाग प्रथम वाचला तेव्हा आम्हाला हसू आले होते. इतका मोठा तत्त्वज्ञ सत्याच्या चिंतनाबरोबर रडणे, मित्रांची सहानुभूती, झोप आणि आंघोळ हेही उपाय सांगतो! आज त्याचे हसू येत नाही. मनुष्य म्हणजे शरीरात कोंडलेला आत्मा नव्हे. शरीर आणि आत्मा मिळून एक मनुष्य होतो, अशी संत थॉमस यांची शिकवण आहे. म्हणून शरीर मोडकळीस आले की मनही कोरडे पडते, प्रार्थना नकोशी वाटते. तो लगेच विश्वासाचा ऱ्हास समजू नये.

आध्यात्मिक आळस नावाचे एक पाप आहे, हे खरे. संत थॉमस त्याचाही विचार करतात. पण आळशी मनाला देवाच्या चांगुलपणाचाच कंटाळा आलेला असतो. थकलेल्या माणसाला तो चांगुलपणा हवा असतो, पण हात पुढे करण्याचे त्राण नसते. दोन्ही बाहेरून सारखे दिसतात, म्हणून दुसऱ्याचा निवाडा करताना आपण जपून असावे. प्रवासाने थकून विहिरीजवळ बसलेला येशू आपल्याला योहानाच्या शुभवर्तमानात भेटतो, तर वादळात होडीच्या मागच्या बाजूस उशीवर झोपलेला येशू मार्काच्या शुभवर्तमानात. जो थकवा प्रभूने स्वतः अनुभवला, त्याची लाज आपण का बाळगावी?

तरीही एक प्रश्न उरतो. मत्तयाच्या अकराव्या अध्यायात प्रभू कष्टी आणि भाराक्रांत जनांना विसावा देऊ करतो आणि त्याच श्वासात आपले जू खांद्यावर घ्यायला सांगतो. विसावा आणि जू एकत्र कसे? आपल्या गावातील वडीलधाऱ्यांनी बैलांची नांगरणी पाहिली आहे. जू सहसा दोघांच्या मानेवर असते. भार नाहीसा होत नाही. ओढणारा दुसरा सोबतीला येतो, म्हणून तो हलका होतो. एलीयालाही देवाने पुन्हा कामावर पाठवले, पण अलीशा हा सोबती नेमून दिला.

हा दुसरा कोण? प्रभू ख्रिस्त, हे निश्चित. पण ख्रिस्ताला या गावात हातपाय आहेत ते आपलेच. संत थॉमस म्हणतात की मित्र दुःखात सामील झाला की आपले ओझे त्याने वाटून घेतल्यासारखे वाटते. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपल्यावर कोणीतरी प्रेम करते हे आपल्याला कळते.

विश्रांतीच्या दिवसाची आज्ञा अनुवादाच्या पुस्तकात वाचा. तेथे मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव आणि परका या सर्वांच्या विसाव्याची काळजी आहे. पत्नीचा मात्र वेगळा उल्लेख नाही. 'तू' या संबोधनात तीही आली, असे अभ्यासक सांगतात. आपल्या घरी काय घडते? रविवारी पुरुषांना सुट्टी असते, मुलांना सुट्टी असते आणि चुलीपुढचे काम दुप्पट होते. ज्या विसाव्याचा भार दुसऱ्याच्या पाठीवर पडतो, तो प्रभूचा विसावा म्हणता येईल काय?

मागील आठवड्यात आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. "जपमाळ हातात घेऊन झोप लागली तर निश्चिंत झोपा," असे या वेळी सांगितले. पण तेवढ्याने त्या बाईंची रात्र लहान होत नाही. म्हणून ही विनंती. आपल्या प्रत्येक आळीत असे एखादे घर आहे. तेथे प्रार्थनेचे आश्वासन घेऊन जरूर जा, पण सोबत दोन तासांचा वेळही न्या. "तुम्ही पडा जरा, आजींजवळ आम्ही बसतो," असे म्हणा. आणि घरातील कर्त्या पुरुषांनो, एका रात्रीचे उठणे आपल्याकडे घ्या.

आणि ज्या भगिनीला अशी मदत देऊ केली जाईल, तिने ती नाकारू नये. एलीयाने भाकर नाकारली असती तर तो होरेबपर्यंत पोहोचला नसता.

प्रभू आपणा सर्वांना विसावा देवो आणि एकमेकांचा विसावा बनवो.