चालतंय ना!

'चालतंय' या शब्दाइतका आळशी माणसाचा कैवारी मराठीत दुसरा नसेल. गिरगावातल्या आमच्या चाळीचा जिना माझ्या जन्माआधीपासून डगमगत होता. दर मे महिन्यात बैठक व्हायची, चहा व्हायचा आणि 'यंदा चालतंय, पुढल्या वर्षी बघू' असा ठराव एकमताने पास व्हायचा.

हे बाळकडू घेऊन वाढलेला मी १९८४ साली एका सेकंडहँड पद्मिनी फियाटचा मालक झालो. कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गुणी पोर! दसऱ्याला मी तिला झेंडूचा हार घालीत असे. ऑइल बदलायचं म्हटलं की मात्र मला हटकून महिनाअखेर आठवे.

लालबागचे आमचे मिस्त्री बॉनेट उघडून म्हणायचे, "साहेब, ब्रेकचं तेल हवेतली ओल पितं. दोन वर्षांनी बदलायला हवं. लायनरही झिजलेत."

"पण गाडी चालतेय ना?"

"चालतेय हो. थांबतेय का ते बघा!"

मी हसलो. दिवाळीच्या बोनसवर ढकललं, मग मार्चच्या इन्कमटॅक्सवर, मग मुलांच्या वह्या-पुस्तकांवर. तोवर पावसाळा आला.

हिंदमाताच्या तुंबलेल्या पाण्यातून गाडी बाहेर काढून मी परळकडे निघालो होतो. एक आजोबा छत्री सावरत रस्ता ओलांडत होते. मी ब्रेक दाबला. पाय थेट तळाला टेकला, गाडी आपली चाललेलीच! कशीबशी थांबली तेव्हा आजोबा आणि बंपर यांच्यात वीतभर अंतर होतं. त्यांनी वाकून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "नवीन शिकताय का?"

रात्री झोप येईना. इंजिनाचं ऑइल लांबवलं तर भुर्दंड माझा. पण ब्रेक? वर्षभर मी स्वतःचा खर्च पुढे ढकलतोय या समजुतीत होतो. प्रत्यक्षात उधारी माझी आणि जामीन ते छत्रीवाले आजोबा! त्यांची सही मी कधी घेतली होती? चाळीच्या जिन्यावरून पाण्याचे हंडे नेणाऱ्या बायकांची तरी आमच्या त्या बैठकीत कोणी घेतली होती?

सकाळी मिस्त्रींच्या दारात हजर झालो. त्यांनी जुने लायनर माझ्या हातावर ठेवले. पापडाची जाडी बरी! मग बिल दिलं. माझा पडलेला चेहरा पाहून ते म्हणाले, "पैसे पुढल्या महिन्यात दिलेत तरी चालेल, साहेब."

"नको," मी म्हणालो, "आजच घ्या."